प्राचीन इस्राएलातील पूजावस्तूंचा अर्थ कसा लावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे 'प्राचीन इस्राएल' म्हणजे कोणता काळ आणि कोणता प्रदेश?

साधारण इ.स.पू. १२०० पासून इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले तोपर्यंतचा काळ, आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेचा, आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनचा प्रदेश. या काळाच्या उत्तरार्धात तेथे दोन राज्ये होती. उत्तरेचे इस्राएल (राजधानी शोमरोन) इ.स.पू. ७२० च्या सुमारास अश्शूरी सत्तेने बुडवले, तर दक्षिणेचे यहूदा त्यानंतर सुमारे १३० वर्षे टिकले. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) 'परमेश्वर' असे जेथे छापलेले असते, तेथे मूळ हिब्रूत बहुतेक वेळा 'य-ह-व-ह' ही चार व्यंजने असतात. ते या लोकांच्या देवाचे विशेषनाम आहे आणि येथे आपण त्याला यहोवा म्हणू.

'पूजावस्तू' नेमके कशाला म्हणायचे?

जिचा वापर उपासनेत झाला असे दाखवता येते, तिलाच. उत्खननात जी वस्तू कशासाठी होती हे उमगत नाही तिच्यावर 'धार्मिक' असा शिक्का मारण्याची सवय जुनी आहे, आणि या विषयातील निम्मा गोंधळ त्या सवयीतून आला आहे. वस्तूचे रूप पाहून ती पूजेची ठरत नाही. ती कोणत्या थरात, कोणत्या खोलीत, कशाच्या शेजारी आणि कोणत्या अवस्थेत सापडली, यावरून ती ठरते. चार कोपऱ्यांना शिंगांसारखी टोके असलेली छोटी दगडी वेदी गाभाऱ्याच्या पायरीवर सापडली तर तिचा अर्थ एक होतो. शेजारच्या पलिष्टी लोकांच्या एक्रोन नगरात मात्र अशाच वेदी तेलाच्या घाण्यांच्या परिसरात सापडल्या आहेत. तेथे मंदिर शोधण्यापेक्षा, कामाच्या जागी धूप का जाळत असतील हा प्रश्न अधिक योग्य ठरतो.

हाताशी पवित्र शास्त्र असताना इतकी अडचण का यावी?

कारण तो ग्रंथ या वस्तूंची नोंदवही नाही. राजांच्या पुस्तकांचे संपादन ज्यांनी केले, त्यांची भूमिका ठाम होती: यहोवाची उपासना एकट्या यरुशलेमात व्हावी आणि बाकीची 'उच्च स्थाने', म्हणजे स्थानिक पूजास्थाने, मोडून टाकावीत. त्यामुळे गावोगावच्या वेदी, उभ्या शिळा आणि अशेरा (वेदीजवळचा पवित्र खांब किंवा झाड; हे एका देवीचेही नाव आहे) यांचा उल्लेख तेथे बहुधा दोष म्हणूनच येतो. तरीही दोषारोपातून माहिती मिळते. 'अनुवाद' या पुस्तकाच्या १६:२१ मध्ये यहोवाच्या वेदीजवळ अशेरा उभारू नका अशी आज्ञा आहे, म्हणजे कोणीतरी ती उभारत होते.

याच्या उलट चूकही होते, आणि मला ती अधिक धोक्याची वाटते. आधी वचन काढायचे आणि मग त्याला जुळणारी वस्तू जमिनीत शोधायची, असा हा प्रकार आहे. ग्रंथ हा एक साक्षीदार आहे आणि वस्तू हा दुसरा. दोघांची साक्ष वेगवेगळी नोंदवून घेतल्यानंतरच त्यांची गाठ घालून द्यावी.

'यहोवा आणि त्याची अशेरा' असा लेख खरोखर सापडला आहे का?

होय, आणि तो एकापेक्षा अधिक ठिकाणी सापडला आहे. ईशान्य सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रुद नावाची एकाकी टेकडी आहे. तेथे १९७५-७६ मध्ये झेएव मेशेल यांनी उत्खनन केले. इ.स.पू. ८०० च्या आसपासच्या एका इमारतीत, प्रवेशाशी असलेल्या आणि भिंतीला लागून ओटे बांधलेल्या खोलीच्या परिसरात, दोन मोठ्या रांजणांची खापरे मिळाली. रांजणांवर शाईने चित्रे काढलेली आहेत आणि मजकूरही लिहिलेला आहे. एका रांजणावर 'शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने आशीर्वाद आहे, तर दुसऱ्यावर 'तेमानचा यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने. हेब्रोनच्या पश्चिमेला खिर्बेत अल-कोम येथील इ.स.पू. आठव्या शतकातील थडग्यातही उरियाहू नावाच्या माणसासाठी कोरलेल्या लेखात यहोवा आणि 'त्याची अशेरा' असे शब्द आहेत. त्या लेखाखाली दगडात एक हात कोरलेला आहे, बोटे खाली केलेला.

म्हणजे यहोवाला पत्नी होती, असेच ना?

एवढी झेप घेण्याआधी व्याकरणापाशी थांबावे लागते. सिरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगरात १९२९ पासून मिळालेल्या मातीच्या पाट्यांमुळे हे निश्चित झाले आहे की इस्राएलाच्या आधी कित्येक शतके अथिरात नावाची मोठी देवी एल या देवाची सहचारिणी मानली जात होती, आणि अशेरा हे त्याच नावाचे हिब्रू रूप आहे. परंतु रांजणावरच्या शब्दाला 'त्याची' हा संबंध दाखवणारा प्रत्यय जोडलेला आहे, आणि बायबलमधील हिब्रूत माणसाच्या किंवा देवाच्या विशेषनामाला असा प्रत्यय लागत नाही. मराठीत आपण 'रामाने आपल्या सीतेला शोधले' असे सहज म्हणतो, म्हणून ही अडचण मराठी वाचकाला पटकन जाणवत नाही. हिब्रू जाणणाऱ्याला मात्र तो शब्द तेथेच अडतो.

म्हणून बरेच अभ्यासक येथील अशेरा म्हणजे देवीचे नाव नसून, वेदीजवळ उभारलेला पवित्र खांब किंवा झाड असे मानतात. तसे असल्यास आशीर्वाद यहोवाचा आणि त्याच्या पूजास्थानातील त्या प्रतीकाचा ठरतो. यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की प्रतीक कोणाचे तरी असते, आणि खांबाच्या नावाने आशीर्वाद देणाऱ्याच्या मनात ती देवी नव्हती असे कशावरून म्हणायचे? माझा कल प्रतीक मानण्याकडे आहे. मात्र ते प्रतीक लिहिणाऱ्याच्या काळात देवीपासून पूर्ण सुटलेले होते, असे मी म्हणणार नाही.

पण त्याच रांजणावर दोन आकृती शेजारी शेजारी उभ्या आहेत. ते जोडपे नव्हे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, कारण ते चित्र जगभर 'यहोवा आणि अशेरा' या ओळीसह छापले गेले आहे. चित्र जवळून पाहू. समोर तोंड करून, कमरेवर हात ठेवून दोन आकृती उभ्या आहेत. पाय आखूड, चेहरा रुंद, डोक्यावर पिसांसारखा मुकुट. हे रूप बेस या मिसरी रक्षक देवाचे आहे. तो घराचे आणि बाळंतिणीचे रक्षण करणारा ठेंगणा देव होता आणि त्याची चित्रे त्या काळी दूरवर पोचलेली होती. शेजारी बसलेली व्यक्ती तंतुवाद्य वाजवत आहे. त्याच रांजणावर वासराला पाजणारी गायही आहे, आणि झाडाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले रानबोकडही आहेत.

आता लेखाची ओळ पाहा. ती एका आकृतीच्या मुकुटावरून गेलेली आहे. पिर्हिया बेक यांनी या चित्रांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा ती एकाहून अधिक हातांनी काढलेली असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे चित्र आणि मजकूर एका वेळी, एका योजनेने केलेले नाहीत. ज्याने आशीर्वाद लिहिला त्याने त्या दोन आकृतींचे नाव लिहिले, असे मानायला आधार नाही. देवी शोधायचीच असेल तर ती दुधाळ गाय आणि ते झाड यांच्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

कुंतिलेत अज्रुद हे मंदिर होते की धर्मशाळा?

मेशेल यांना ते धार्मिक केंद्र वाटले. तेथे बळी देण्याची वेदी मिळाली नाही, आणि जागा वाळवंटातील वाटेवरची आहे, म्हणून इतर काहींना ती प्रवाशांच्या मुक्कामाची जागा वाटते. मातीच्या विश्लेषणावरून मोठे रांजण यरुशलेमच्या परिसरातील मातीचे असल्याचे दिसले आहे. काही कापडांत जवसाचे सूत (लिनन) आणि लोकर एकत्र विणलेली आहे. असे मिश्र कापड सामान्य माणसाला वर्ज्य होते आणि याजकाच्या (पुरोहिताच्या) वस्त्रात मात्र चालत असे, म्हणून मेशेल यांनी तेथे याजक राहत असावेत असे सुचवले. विचार सुंदर आहे, पण तो काही तुकड्यांवर उभा आहे.

यहूदातील मातीच्या स्त्रीप्रतिमा म्हणजे घरोघरची अशेरा का?

या प्रतिमांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. इ.स.पू. आठव्या आणि सातव्या शतकांत यहूदाच्या घरांत त्या इतक्या सर्रास होत्या की राझ क्लेटर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८५४ नमुने नोंदवले, आणि त्यानंतर आणखी मिळत राहिले आहेत. वीतभरही उंची नसलेली ही प्रतिमा हातात मावते. खालचा भाग साधा भरीव खांब असतो, उभा राहावा म्हणून पायथ्याशी पसरट केलेला. त्याला पाय नसतात. हात छातीखाली आणून स्तनांना आधार दिलेला असतो. डोके दोन तऱ्हांचे असते. एकात कुंभाराने ओली माती दोन बोटांच्या चिमटीत दाबून चेहरा काढलेला असतो, त्यामुळे तो पक्ष्यासारखा दिसतो. दुसऱ्यात साच्यातून काढलेले, कुरळ्या केसांच्या ओळी असलेले डोके मानेत बसवलेले असते. वर पांढरा लेप असतो आणि त्यावर तांबड्या-पिवळ्या रंगाचे पट्टे. रंग बहुतेकींचा उडून गेला आहे, म्हणून संग्रहालयात दिसणारी मातकट बाई ही मूळची रंगीत बाई होती, हे मुद्दाम लक्षात ठेवावे लागते.

ही बाई कोण? अशेरा देवी, दूध पाजणारी कोणतीही माता, नवसाची बाहुली, बाळंतपणात किंवा आजारात घराचे रक्षण करणारी आकृती, अशी उत्तरे दिली गेली आहेत. यांपैकी एकाही प्रतिमेवर नाव कोरलेले नाही. डोक्यावर मुकुट किंवा हातात शस्त्र अशी देवतेची खूणही बहुतेकींवर नाही. बहुतेक घरांतून, रस्त्यांतून आणि कचऱ्याच्या भरावातून मिळाल्या, मंदिरातून फारच थोड्या. म्हणून मूर्ती कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून, ती घरात काय काम करत होती असे विचारावे, असे अलीकडचे अनेक अभ्यासक सुचवतात, आणि मला ते पटते. रक्षण आणि दूध या दोन्ही गोष्टींची त्या घरांना निकड होती, हे तान्ह्या मुलांच्या मृत्यूचे प्रमाण इतके मोठे असलेल्या त्या जगाबद्दल वेगळे सांगायला नको.

या प्रतिमा, पूजास्थाने मोडणाऱ्या हिज्कीयासारख्या सुधारक राजांच्या माणसांनी फोडल्या होत्या का?

बहुतेक प्रतिमा तुटलेल्या मिळतात हे खरे आहे. पण त्या मानेशी तुटतात, म्हणजे जेथे जोड आहे आणि जेथे माती सर्वांत बारीक आहे तेथेच. क्लेटर यांना मुद्दाम फोडल्याचा पुरावा दिसला नाही. घरातले मातीचे भांडे फुटते तशाच त्या फुटल्या आणि टाकून दिल्या गेल्या.

अराद येथील मंदिराबद्दल काय समजले आहे?

नेगेव वाळवंटाच्या उत्तर कडेला तेल अराद हा यहूदाचा लष्करी किल्ला होता. योहानान आहारोनी यांनी १९६० च्या दशकात तेथे खोदकाम केले तेव्हा किल्ल्याच्या आत एक छोटे मंदिर मिळाले: अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी, पुढे आडवी खोली, आणि शेवटी पायऱ्या चढून जायचा लहानसा गाभारा. गाभाऱ्यात उभी शिळा होती. पायऱ्यांवर चुनखडीच्या दोन धूपवेदी आडव्या पडलेल्या होत्या, एक सुमारे ५२ सेंटिमीटर उंच आणि दुसरी सुमारे ४०. त्यांच्या माथ्यावरच्या उथळ खोलगट भागात काळपट थर चिकटलेला होता.

त्या थराचे विश्लेषण १९६० च्या दशकातही झाले होते, पण त्यातून फारसे निष्पन्न झाले नाही. एरान अरी, बारूख रोझेन आणि द्वोरी नामदार यांनी २०२० मध्ये नव्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या वेदीवर ऊद जनावराच्या चरबीबरोबर जाळला गेला होता. लहान वेदीवर गांजाच्या झाडातील द्रव्ये मिळाली आणि ती शेणाबरोबर जाळलेली होती. शेणाची आच मंद असते. तिच्यावर वनस्पती भडकून न जळता धुमसत राहते, म्हणून हा वापर सुगंधापुरता नसून नशा चढावी यासाठी असावा, असे त्यांचे मत आहे. ऊद म्हणजे आपल्याकडील सालईच्या जवळच्या झाडाचा डिंक. तो दक्षिण अरबस्तानातून येत असे, म्हणजे वाळवंटाच्या कडेवरचा हा छोटा किल्लाही त्या महागड्या व्यापाराशी जोडलेला होता. बायबलच्या धूपविधीत ऊद आहे, गांजा मात्र नाही. एका मंदिरात जे घडले ते यरुशलेमच्या मंदिरातही घडत होते, असे यावरून कोणी म्हणू नये.

दोन धूपवेदी आहेत, म्हणजे दोन देव?

तसे वाचले गेले आहे: एक यहोवाची, एक अशेराची. गाभाऱ्यात एकाहून अधिक शिळा होत्या, असे आधी सांगितले गेल्याने या वाचनाला बळ मिळाले. पुढे झेएव हर्झोग यांनी साऱ्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा इतर शिळा भिंतीत बसवून गिलाव्याखाली गेलेल्या होत्या असे त्यांचे मत झाले, आणि उभी उरली ती एकच. आता दोन वेदींवर दोन निरनिराळी द्रव्ये जळत होती हे कळल्यावर, दोन वेदी का याचे सरळ उत्तरही समोर आले आहे. दोन द्रव्यांना दोन तऱ्हेची आच लागत होती.

पवित्र शास्त्र सांगते तशा यहूदाच्या हिज्कीया राजाने वेदी मोडल्या, याला पुरावा आहे का?

पुरावा आहे, पण तो निर्विवाद नाही. अरादच्या वेदी फोडलेल्या नव्हत्या, तर जपून आडव्या ठेवून मातीखाली गाडलेल्या होत्या. आहारोनी यांच्या मते मंदिर शलमोन राजाच्या काळापासून (इ.स.पू. दहावे शतक) होते आणि टप्प्याटप्प्याने बंद झाले. हर्झोग यांनी ते आठव्या शतकातले ठरवले आणि एकदमच बंद झाल्याचे मानले. सारे अभ्यासक यालाही सहमत नाहीत. तेल बैर-शेबा येथे १९७३ मध्ये एका मोठ्या शिंगांच्या वेदीचे घडीव दगड कोठाराच्या भिंतीत वापरलेले आढळले. एका दगडावर साप कोरलेला आहे. ते कोठार आठव्या शतकाच्या अखेरीस जळाले, म्हणजे वेदी त्याआधी मोडली गेली होती. (निर्गम २०:२५ प्रमाणे वेदीचे दगड घडवलेले नसावेत. बैर-शेबाच्या गवंड्याने ते घडवले होते, आणि अरादच्या गवंड्याने नाही.)

यहूदातील लाखीश नगराच्या वेशीत २०१६ मध्ये जाहीर झालेल्या शोधात छाटलेली शिंगे असलेल्या वेदी आणि दगडी शौचपीठ मिळाले. पूजास्थान मुद्दाम विटाळण्यासाठी ते बसवले असे उत्खनकांनी सुचवले, कारण तपासणीत त्याचा वापर झाल्याचे दिसले नाही आणि २ राजे १०:२७ मध्ये बआल या कनानी देवाच्या मंदिराचे असेच केल्याची कथा आहे. काहींना या खोलीचा मंदिर म्हणून लावलेला अर्थच मान्य नाही. तिन्ही ठिकाणे एकत्र ठेवली की आठव्या शतकाच्या शेवटी यहूदात पूजास्थाने बंद झाली असे चित्र जमते. ती राजाज्ञेने झाली, की युद्धाची तयारी आणि डागडुजी करताना झाली, हे दगड सांगत नाहीत.

बैलाची मूर्ती म्हणजे देव की देवाचे वाहन?

शोमरोनच्या डोंगराळ भागात, दोथानजवळ, १९७८ मध्ये एका सैनिकाला काशाचा छोटा बैल सापडला. त्याची लांबी सुमारे १८ सेंटिमीटर. अमिहाई मझार यांनी जागा खोदली तेव्हा इ.स.पू. बाराव्या शतकातील उघड्यावरचे पूजास्थान दिसले. बैल बआलाशीही जोडला जाई आणि एलाशीही, आणि उत्तरेच्या राज्यातील यराबाम राजाने बेथेल व दान येथे बसवलेली सोन्याची वासरे यहोवासाठीच होती असे दिसते. वासरू म्हणजे अदृश्य देवाचे आसन, असे अनेक अभ्यासक मानतात. नंदी पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हे मत लगेच पटते, आणि म्हणूनच येथे जरा सावध राहावे. आपल्याला ओळखीचे वाटणे हा त्या काळाचा पुरावा नाही.

मग आपल्याकडील उपमा वापरूच नयेत का?

प्रश्न सुचण्यासाठी त्या अवश्य वापराव्यात. 'तांदळा' हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला अरादची उभी शिळा पाहून 'मूर्ती कुठे आहे?' असा प्रश्न पडणार नाही, कारण न घडवलेला दगडही देवाचे पूर्ण अस्तित्व असू शकतो हे त्याने पाहिलेले असते. उत्तर मात्र त्या भूमीतल्या थरांतूनच यायला हवे.

यहोवाची मूर्ती सापडली आहे का?

तसे दावे झाले आहेत. खिर्बेत कैयाफा आणि तेल मोत्सा येथे मिळालेल्या मातीच्या पुरुषमस्तकांबद्दल योसेफ गार्फिंकेल यांनी २०२० मध्ये, ती यहोवाची असावीत असे मांडले. मोत्साच्या उत्खनकांनी ते तत्काळ नाकारले. नाव नसलेल्या डोक्याला देव ठरवायला डोक्याव्यतिरिक्त काहीतरी लागते, आणि ते येथे नाही.

तानख येथे १९६८ मध्ये पॉल लॅप यांना मिळालेल्या चार मजली मातीच्या पूजास्तंभावर मात्र एका मजल्यावर दोन पंखधारी प्राण्यांच्या मधली जागा रिकामी आहे. तळाशी सिंहांचे कान धरलेली नग्न स्त्री आहे, वरच्या भागात झाड आणि बोकड, आणि सर्वांत वर चतुष्पाद प्राणी व पंखांचे सूर्यबिंब. रिकाम्या जागेत अदृश्य यहोवा पाहणारे वाचन मोहक आहे. पण शास्ते १:२७ नुसार तानखच्या मूळ रहिवाशांना इस्राएलांनी हाकलले नव्हते, तेव्हा हा स्तंभ कोणी वापरला हेच आधी ठरवावे लागेल.

बाजारातून आलेल्या वस्तूंवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. अंगठ्याएवढे एक हस्तिदंती डाळिंब १९७९ मध्ये पुराणवस्तूंच्या बाजारात दिसले. त्यावर 'यहोवाच्या मंदिराचे, याजकांसाठी पवित्र' अशा अर्थाचा लेख असल्याने ते शलमोनाच्या मंदिराचा एकमेव अवशेष मानले गेले. इस्राएल संग्रहालयाने १९८८ मध्ये ते ५,५०,००० डॉलरना विकत घेतले. तज्ज्ञांच्या समितीने २००४ मध्ये असे जाहीर केले की डाळिंब खरोखर जुने, किंबहुना शलमोनाहूनही जुने आहे, पण अक्षरे आधुनिक आहेत. काहींनी त्या निर्णयाला आव्हान दिले आहे. ते कोणत्या खोलीत, कशाशेजारी पडले होते हे कधीच कळणार नाही, आणि वस्तू जमिनीतून चोरून काढली की जाते ते नेमके हेच.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल या यहुदी समाजाचा या वस्तूंशी काही संबंध आहे का?

मृण्मूर्ती आणि उभ्या शिळा यांच्याशी नाही. त्या वस्तूंमागचा धर्म या समाजापर्यंत पोचलेल्या परंपरेच्या कितीतरी आधीचा आहे. एक वस्तू मात्र अपवाद आहे. यरुशलेममधील केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत गाब्रिएल बारके यांना १९७९ मध्ये चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन गुंडाळ्या मिळाल्या. गळ्यात घालायच्या ताइतांसारख्या त्या होत्या, आणि न मोडता उलगडायला तीन वर्षे लागली. आत इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटच्या किंवा सहाव्याच्या सुरुवातीच्या वळणाची सुईसारखी बारीक अक्षरे होती: 'यहोवा तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.' गणना ६:२४ मधले हे शब्द मुंबईतील मांडवीच्या १७९६ च्या शार हारहमीम या सिनेगॉगपासून (यहुदी प्रार्थनास्थळापासून) कोकणातल्या सिनेगॉगपर्यंत प्रार्थनेत आजही म्हटले जातात.